पालव्यावर थंडीतला खाद्यबाजार: भरवायचा तर दर्याच्या पंचांगाने भरवू या

डोलकरीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. थंडी पडायला लागली की दरवर्षी कुणीतरी हा विषय काढतं, यंदा जरा जोरात निघालाय. गेटवेसमोरच्या चौकात, म्हणजे पालव्यावर, थंडीपुरता संध्याकाळचा खाद्यबाजार का भरू नये? परदेशातल्या बंदरांवर मोसमी बाजार भरतात, माणसं उभ्याउभ्या मासे खातात, त्याचे व्हिडिओ गटागटांत फिरतायत. खाली लिहिलेलं असतं की आपल्याकडे एवढा समुद्र असून असं काही नाही.

मला ही कल्पना मनापासून आवडते. फक्त ती ज्या तऱ्हेने मांडली जातेय, त्यात समुद्र नुसता नाटकाच्या पडद्यासारखा मागे टांगलाय. माझं माहेर कुलाब्याच्या कोळीवाड्यातलं. आई अजून पहाटे ससून डॉकवर लिलावाला उभी राहते आणि मी फोर्टात नोकरी करते. दोन्हीकडची बोलणी कानावर पडतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आधी जागा. कमान उठायच्या आधी पालव्यावर साधा धक्का होता आणि कोळ्यांच्या होड्या तिथे लागायच्या. १९११ साली पंचम जॉर्ज तिथे उतरले, १९१३ च्या मार्चमध्ये पायाभरणी झाली, १९१५ ते १९१९ या काळात भर टाकून जमीन पुढे नेली आणि जॉर्ज विटेटच्या आराखड्याची कमान १९२४ च्या डिसेंबरात खुली झाली. समोरचं ताज त्याहून जुनं, १९०३ चं. चौक देखणा झाला, आमच्या होड्या बाजूला सरकल्या. आज तिथून घारापुरीच्या आणि मांडव्याच्या बोटी सुटतात. त्या चौकात कोळणीची टोपली परत आली तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.

पण बाजार भरवायचा कधी? बहुतेक जण म्हणतात, डिसेंबरातले सगळे शनिवार-रविवार. इथे माझं मत वेगळं आहे.

बोंबील येतो डोलीत. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. ते ओढत न्यायचं नसतं, पाण्याचा ओढाच मासळी आणून त्यात सोडतो. अमावास्या-पुनवेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला जोर असतो, डोल भरते. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, पाणी मंदावतं, आणि डोलीच्या पुष्कळ होड्या तेव्हा किनाऱ्यालाच असतात. तुमचा शनिवार भांगाचा निघाला तर ताजा बोंबील आणायचा कुठून? मग बर्फातला शिळा तरी येणार, नाहीतर लांबून ट्रकने आलेला. बोंबलाच्या अंगात पाणीच पाणी, तो थांबत नाही. सुरमई एक दिवस बर्फात राहिली तर चालून जातं, बोंबलाचं तसं नाही.

म्हणून माझी सूचना अशी की बाजार सलग महिनाभर नको. पंधरवड्यातून एकदा, उधाणाच्या तीन-चार दिवसांत भरवा. १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, नंतर नारळी पुनवेला दर्याची पूजा होते, होड्या पुन्हा रांगेला लागतात. खाण्याबोलावण्याचा हंगाम मात्र कार्तिकापासून माघापर्यंतचा. त्यातला मार्गशीर्ष मुद्दाम धरावा. गुरुवारचे उपास, काही घरांत महिनाभर मांसमच्छी बंद, यामुळे त्या दिवसांत मासळीचा भाव उतरतो. विकणाऱ्या बाईला जास्तीचं गिऱ्हाईक हवं असतं ते नेमकं तेव्हा.

दुसरी गोष्ट, तव्यापुढे कोण बसणार? भाड्याने गाळे दिले की मोठे केटरर येतात. मग कोळणी मासे साफ करायला मागच्या बाजूला बसतात आणि पुढे टोपी घातलेला पोरगा "कोळी स्पेशल" विकतो. हे मी लग्नांच्या हॉलमध्ये पाहिलेलं आहे. तसा बाजार होणार असेल तर तो न झालेला बरा.

तुमचं म्हणणं ऐकायचंय.

जुना_फोर्टकर

ताई, लेख आवडला. पण जागेबद्दल मला स्पष्ट बोलायलाच हवं. गेटवे ही पहिल्या श्रेणीची वारसा वास्तू आहे. पिवळसर बेसॉल्टच्या दगडात बांधलेली, त्यातल्या जाळ्यांचं काम तर फारच नाजूक आहे. खाऱ्या हवेने आणि गाड्यांच्या धुराने त्या दगडाचे हाल आधीच होतात. त्याच्या पायथ्याशी तळणीचा धूर सोडायला माझा जीव होणार नाही.

शिवाय सुरक्षेचा प्रश्न आहे. २६ नोव्हेंबर २००८ नंतर त्या चौकात शिरताना बॅग तपासली जाते. तिथे गॅसच्या सिलिंडरांच्या रांगा कोण लावू देईल? संध्याकाळी घारापुरीहून परतणाऱ्या बोटींची माणसं, फोटोवाले, सहलीची मुलं, सगळे एकाच तोंडातून आत-बाहेर करतात. त्यात गरम तेलाची कढई म्हणजे अंगावर काटा येतो.

काळा घोड्याचा महोत्सव १९९९ पासून तिथून हाकेच्या अंतरावर भरतो. नऊ दिवस असतो आणि खाण्याची बाजू वेगळी ठेवतात. त्याच्याकडून एवढं शिकण्यासारखं आहे की वास्तू बघायची ती जागा आणि चूल पेटवायची ती जागा एक नसावी.

भाऊच्या_धक्क्याची

उरणची आहे, आगरी. मोरा ते भाऊचा धक्का असा प्रवास आयुष्यभर चाललाय. माझा प्रश्न सरळ आहे: मासे जिथे उतरतात तिथे बाजार का नको? भाऊच्या धक्क्यावर पहाटे नुसतं उभं राहा. ट्रॉलर लागलेले, बर्फाचे तुकडे उडतायत, टोपल्या डोक्यावरून चालल्यायत, हमाल ओरडत वाट काढतायत. एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य यांनी प्रवाशांसाठी धक्का बांधला, त्यांचं नाव आजही आमच्या रोजच्या बोलण्यात आहे. इतिहास म्हणाल तर तोही आहे, मासळीही आहे.

अडचण एवढीच की ओहोटी मोठी असली की मोऱ्याला बोट लागत नाही, गाळ फार साचलाय. म्हणजे ताईंनी सांगितलेलं पंचांग आम्हा येणाऱ्यांनाही लागू. उधाणाला भरती मोठी तशी ओहोटीही खोल जाते. रात्रीच्या बाजाराला येऊन परत जायचं तर बोटीची वेळ पाहूनच निघावं लागेल.

डोलकरीण (धागाकर्ती)

फोर्टकर काका, सिलिंडरबद्दल तुमचं म्हणणं पटलं. वास्तूच्या अंगाला चूल नकोच. माझ्या डोळ्यापुढे कमानीचा पायथा नव्हता, मागचा रस्ता होता. तरीही तुमची सुरक्षेची बाजू भारी आहे.

उरणच्या ताई, ओहोटीचा मुद्दा फार कामाचा. धक्क्याची अडचण मला दुसरी वाटते. तिथे रात्रभर काम चालतं, ट्रक मागेपुढे होत असतात. खाणाऱ्यांची गर्दी त्यात घुसली तर पोट भरणाऱ्यांचंच काम अडेल. ससून डॉकचंही तेच. १८७५ चा डॉक आहे, दगडी दरवाज्यातून आत शिरलं की आजही तो काळ समोर उभा राहतो. तिथे २०१७ साली गोदामात कलाप्रदर्शन झालं तेव्हा शहरातली पुष्कळ माणसं पहिल्यांदा आत आली. पण पहाटेच्या लिलावाच्या वेळी हौशी माणूस मध्ये उभा राहिला की आईसारख्या बायकांचा जीव खालीवर होतो. तो एक टोपला हातचा गेला तर दिवस गेला.

तवा_लोखंडाचा

जागा तुम्ही ठरवा, मी तव्याबद्दल लिहितो. कारण असल्या बाजारांत माणसं निराश होऊन परततात ती तव्यापाशीच.

बोंबील तळायच्या आधी दाबावा लागतो. डोकं, शेपूट, पर काढायचे, पोटाच्या बाजूने उभा चिरून पुस्तकासारखा उघडायचा, मीठ चोळायचं. मग पाटावर ओळीने मांडायचे, वर दुसरा पाट आणि त्यावर वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं. खालचा पाट जरा तिरका ठेवायचा म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जातं. तासभर तरी हवा. पाट उचलला की बोंबील चपटा, घट्ट झालेला दिसतो, हातात धरला तर लोंबत नाही. त्याला आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, घरचा मसाला, चिंचेचा कोळ. वरून तांदळाच्या पिठाचा हात, रव्याचा जाड थर नाही. लोखंडी तव्यावर बेताचं तेल, आणि एकदा टाकला की हलवायचा नाही. कडा तांबूस झाल्या की आपला आपण तवा सोडतो. घाई केली तर तुटलाच.

आता गर्दीच्या बाजारात काय होतं? रांग वाढते, दाबायला वेळ नसतो. ओला बोंबील तसाच जाड रव्यात घोळवून खोल तेलात सोडतात. बाहेरून कडक, आतून पाणी. खाणाऱ्याला वाटतं बोंबील असाच लागतो. दुसरं, तव्यावर एकदम वीस तुकडे टाकले की तवा गार होतो आणि मासा तळण्याऐवजी शिजतो. त्यामुळे सिलिंडरऐवजी विजेच्या शेगड्या म्हणत असाल तर जाड बुडाचे तवे आणि पुरेसा वीजभार आधी पाहा. नाहीतर सगळा बाजार उकडलेले मासे विकेल.

माझी सूचना: दाबायचं काम कोळीवाड्यातच घरी व्हावं, बाजारात फक्त तळणी. जेवढे दाबले तेवढेच विकायचे. संपले की पाटी उलटी करायची.

वेसावकर_नातू

तवा_लोखंडाचा यांना अनुमोदन. "संपले की पाटी उलटी" हे फार आवडलं.

आमच्या वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला, २००६ पासून कोळी सीफूड फेस्टिव्हल होत आलाय, साधारण जानेवारीत. तिथे जमलेली गोष्ट अशी की तव्यापुढे आमच्याच बाया असतात. नऊवारी, अंगावर सोनं, केसांत वेणी, आणि गिऱ्हाइकाशी बोलणं एकदम रोखठोक. मांडवात नाच-गाणी चालतात, पण लोक येतात ते त्या बायांच्या हातचं खायला. पापलेट, कोलंबी, चिंबोरी, माकूल, बोंबील, तांदळाची भाकरी. जवळ्याच्या वड्या असल्या की त्या आधी संपतात.

न जमणारी गोष्ट म्हणजे रस्ता. गावठाणातल्या गल्ल्या अरुंद, शहरभरातून गाड्या येतात आणि गावातल्या माणसाला स्वतःच्या घरी पोचायला वेळ लागतो. तेव्हा पालव्यावर झालं तर चर्चगेट आणि सीएसएमटी दोन्ही स्थानकं जवळ आहेत, गाडीशिवाय येता येतं, हा मोठा फायदा आहे. मी याच कारणासाठी पालव्याच्या बाजूने आहे.

फुगिया_खाणारी

वांद्र्याची ईस्ट इंडियन, म्हणजे इथलीच मूळची ख्रिस्ती. धागा वाचून एक विनंती करावीशी वाटली. बाजार कोळ्यांचा आहे हे मान्य, पण या बेटांवरची आम्हीही जुनीच माणसं. आमची बोली मराठीच, आमच्या घरात बाटलीत भरलेला मसाला असतो, लग्नात फुगिया, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, होतात, आणि मासळी आम्हीही त्याच कोळणीकडून घेतो. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला वांद्र्याच्या चढावर आठवडाभर दुकानं लागतात तेव्हा सगळ्या धर्मांची माणसं तिथे खातात. डिसेंबरात माहीमला मखदूम बाबांचा उरूस, तिथला हलवा-पराठा. या शहराला मोसमी बाजार नवा नाही, प्रत्येकाला त्याची तिथी आहे. पालव्याच्या बाजाराला उधाणाची तिथी असावी हे म्हणूनच मला अगदी योग्य वाटलं. चार-दोन पाट्या, म्हणजे विकायला बसायच्या जागा, आमच्यासाठीही ठेवा.

डोलकरीण (धागाकर्ती)

ठेवायलाच हव्यात. पाठारे प्रभूंच्या बायकांनाही विचारू या, मासळीतला त्यांचा हात फार नाजूक आहे.

सोमवारची_सुट्टी

एक व्यवहारी सूचना. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्या दिवशी पालव्यावर पर्यटकांची गर्दी कमी. मग बाजार सोमवारी का नको?

भाऊच्या_धक्क्याची

दादा, सोमवारी मासे खाणार कोण? आपल्याकडे अर्ध्या घरांत सोमवार, तेवढ्याच घरांत गुरुवार, कुणाचा मंगळवार, कुणाचा शनिवार. मासळीचे वार तीन: बुधवार, शुक्रवार, रविवार. कुठल्याही बाजारातल्या मावशीला विचारा, ती याच वारांना टोपली जास्त भरते.

डोलकरीण (धागाकर्ती)

अगदी खरं. म्हणजे उधाणाच्या चार दिवसांत यातला एखादा वार येतोच, बहुतेकदा दोन. तेच धरायचे.

हिशेबनीस

पेशाने हिशेब तपासतो, म्हणून कागदाची बाजू मांडतो. ताईंनी केटररची भीती लिहिली ती पूर्ण खरी आहे आणि तिचं मूळ गाळे वाटण्याच्या पद्धतीत असतं. गाळा सर्वात जास्त बोली लावणाऱ्याला दिला की भाडं वसूल करायला मासळीचा दर वाढतो, तुकडा लहान होतो आणि मासा स्वस्तातला येतो. बाई त्या बोलीत उतरूच शकत नाही.

त्यामुळे वाटप मच्छीमार सहकारी संस्था आणि बायकांचे बचत गट यांच्यामार्फत व्हावं, बोली नकोच. माहीमच्या किनाऱ्यावर २०२३ साली महापालिकेच्या पुढाकाराने कोळी सीफूड प्लाझा सुरू झाला तो बचत गटांतल्या बायकांच्याच हाती दिला होता. म्हणजे नमुना शहरात आहे.

कायद्याचा आधारही आहे. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो की शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या किमान एक तृतीयांश बायका. मासे विकणारी बाई ही पथविक्रेतीच आहे, पण ती स्वतःला तशी मोजत नाही, म्हणून समितीत तिचं नावही नसतं. हंगामी बाजाराच्या निमित्ताने ही नोंद झाली तर बाजार उठल्यावरही तिच्या हातात काहीतरी उरेल.

प्रत्येक तव्यामागे अन्न सुरक्षेची नोंदणी लागेल. तेलाचा नियम सगळ्यांना नीट समजावून सांगा. तळलेल्या तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून बनणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यात वापरता येत नाही, २०१८ पासून हे लागू आहे. मोजायचं यंत्र हातात धरण्याएवढं असतं, बाजारासाठी एक घेतलं तरी सगळ्यांना पुरेल. वापरलेलं तेल गोळा करून जैवइंधनासाठी देण्याची सोयही आहे. नाहीतर ते गटारात आणि तिथून पुन्हा तुमच्याच डोलीत.

जुना_फोर्टकर

हे वाचून माझा विरोध जागेपुरता उरलाय. बाजाराला माझा विरोध आधीही नव्हता. एक मधला मार्ग सुचतो. तळणी कोळीवाड्याच्या बाजूला, मच्छीमार नगराच्या किनाऱ्यावर ठेवा. तिथे खरोखरच्या होड्या लागलेल्या असतात. पालव्याच्या चौकात विस्तवाशिवाय जे विकता येतं तेच ठेवा: सुकी मासळी, मसाला, लोणची, तांदळाचं पीठ. चौकातून माणसाला पुढच्या वाटेला लावायचं. चालत जाण्यासारखं अंतर आहे आणि कुलाब्याचा तो भाग माणसं कधी बघतच नाहीत.

वेसावकर_नातू

काका, सुक्या मासळीचा वास ताजच्या दारात चालेल का, यावर वाद होईल. आम्ही गावात वाळत घातलेल्या बोंबलांवरूनच शेजारच्या टॉवरवाल्यांच्या तक्रारी ऐकतो.

डोलकरीण (धागाकर्ती)

होऊ दे वाद. बोंबील बांबूच्या काठ्यांवर दोन-दोन एकमेकांच्या जबड्यात अडकवून वाळवायचे, हे काम पाऊस सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत आमच्या बायका करत आल्यात. बेगमी म्हणून त्याच सुक्या मासळीवर पावसाळ्यात घराघरांत जेवण झालेलं आहे. या शहराच्या सगळ्यात प्रसिद्ध माशाला या शहराच्या सगळ्यात प्रसिद्ध चौकात जागा नसेल, तर आपण नेमका कुणाचा बाजार भरवतोय? वास येतो तर येऊ दे. माणसं नाकाला पदर लावून का होईना, थांबून विचारतात, "मावशी, हे काय?" तिथून पुढे बोलणं सुरू होतं आणि खरेदीही होते. मी हे आईच्या टोपलीपाशी लहानपणापासून बघत आलेय.

काकांचा मधला मार्ग मला मात्र खूप आवडला. चूल मच्छीमार नगराला, सुकं पालव्याला. आमच्या किनाऱ्यावर येणाऱ्याला होडी दिसेल, जाळं शिवणारा माणूस दिसेल, आणि भांगाच्या दिवसांत बाजार का नसतो हेही त्याला तिथे उभं राहून कळेल.

एकदाच_वाचणारा

वाचक म्हणून विचारतो. मी शाकाहारी, पण बायको मालवणची. दोघांनी यायचं तर मला काय?

तवा_लोखंडाचा

तांदळाची गरमगरम भाकरी, वालाचं बिरडं, वांग्याचे काप त्याच मसाल्यात. पण तवा वेगळा ठेवायला सांगा आणि तसं फलकावर लिहायला लावा. वेगळ्या तव्याशिवाय "शाकाहारी मिळेल" असं लिहू नये, माणसं विश्वासाने खातात.

भाऊच्या_धक्क्याची

पापलेटबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्या बाजारात तळहाताएवढी पापलेटं तळून "स्वस्तात पापलेट" म्हणून विकली तर सगळं व्यर्थ आहे. पिल्लू खाल्लं तर पुढच्या हंगामाला मोठा मासा राहील कुठून? आमच्याकडे जुनी माणसं लहान मासळी परत पाण्यात सोडायची. हल्ली मोठ्या जाळ्यांच्या बोटी आणि रात्री दिवे लावून होणारी मासेमारी यांनी बारीकसारीक सगळं उपसून जातं. दिव्यांच्या मासेमारीला बंदी असून ती चालते. बाजाराच्या नियमांत एकच ओळ लिहा: वितीपेक्षा लहान पापलेट विकणार नाही. मांदेली आहेत, बोय आहे, बांगडा आहे, तारली आहे. ती खायला शिकवा लोकांना. आंबट घातलेली मांदेली कडक तळली तर पापलेटची आठवणही येणार नाही.

हिशेबनीस

ही ओळ सगळ्यात वर लिहा.

डोलकरीण (धागाकर्ती)

लिहिते. मंडळी, या चर्चेतून आमच्या इथल्या मच्छीमार संस्थेला आणि बचत गटांना द्यायचं पत्र तयार करतेय. आतापर्यंतचं असं: दिवस उधाणाचे, वार बुधवार-शुक्रवार-रविवार. तळणी मच्छीमार नगराला, सुकं पालव्याला. गाळे बोलीने नाहीत. दाबलेले तेवढेच बोंबील. लहान पापलेट नाही. तेल मोजायचं. शाकाहारी तवा वेगळा. वेसावकर, तुमच्या फेस्टिव्हलला पाट्या कशा वाटतात, चिठ्ठ्या टाकून की पाळीने, ते तिथल्या मंडळींना विचारून इथे लिहाल का?

वेसावकर_नातू

विचारतो. आत्याकडून आजच कळेल.

कोळीवाड्याचा_धाकटा

पहिल्यांदाच लिहितोय. आईला सगळा धागा वाचून दाखवला. ती ससून डॉकवर कोलंबी सोलायला जायची, आता भायखळ्याला टोपली घेऊन बसते. तिला पंचांगाची गोष्ट आवडली, म्हणाली पोरीला माहीत आहे. मग तिने विचारलं, "पाणी कुठून आणणार?" मासे साफ करायला, हात धुवायला, तवा-भांडी घासायला नळ लागतो. टँकर सांगितला तर तो संध्याकाळी येतो आणि बाया दुपारपासून कोरड्या बसतात. दुसरं, मुतारी. पहाटे चारला घर सोडलेली बाई रात्री अकरापर्यंत बाजारात बसणार असेल तर तिला जायला जागा पाहिजे, दार लागणारी, दिवा असलेली, खाणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायला न लावणारी. ती म्हणते, आम्ही दिवसभर पाणी पीत नाही ते याच्यासाठीच, मग मुतखडा होतो. पत्रात हे दोन आधी लिहा, बाकीचं खाली.

डोलकरीण (धागाकर्ती)

लिहिलं. पहिल्या ओळीत नळ, दुसऱ्या ओळीत बायकांची मुतारी, मग तिथी-वार. आईंना विचारा, पाट्या दहा असतील तर नळ किती लागतील. आणि सही करतील का तेही विचारा, पत्र त्यांच्या सहीने गेलेलं मला आवडेल.